बांधकामस्थळावरील कला

इमारत उभी राहत असताना, पाडली जात असताना किंवा तिची डागडुजी चालू असताना परांची, पत्र्याचे कुंपण, धूळ अडवणारी जाळी, क्रेन यांनाच कलाकृतीचे माध्यम करण्याची पद्धत. परांची उतरली की कलाकृतीही संपते. म्हणून तिला तात्पुरती सजावट समजले जाते, पण तिचे खरे मोल वेगळे आहे. आपले शहर बदलत असते आणि आपल्यालाच ते बघायची मनाई असते. यातल्या उत्तम कलाकृती ती मनाई थोडी सैल करतात.

पॅरिसमध्ये 1975 साली पाँपिदू केंद्र या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचा पोलादी सांगाडा उभा राहत होता. शेजारची सतराव्या शतकातली दोन घरे पाडायची ठरली होती. गॉर्डन मॅटा-क्लार्क या अमेरिकन कलावंताने त्या जोडघरांना शंकूच्या आकाराचे आरपार भगदाड पाडले. रस्त्यावरून जाणाऱ्याला मजल्यांचे थर, भिंतींची जाडी आणि मागचे नवे बांधकाम एकाच नजरेत दिसे. थोड्याच काळात घरे गेली. आता छायाचित्रे आणि फिल्म तेवढी उरली आहेत.

या कलेचा सर्वांत मोठा रंगमंच बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झला मिळाला. पूर्व आणि पश्चिम बर्लिन वेगळे करणारी भिंत पडल्यावर शहराच्या मधोमध ओसाड राहिलेल्या या चौकात 1990 च्या दशकात प्रचंड काम निघाले. भूजल इतके वर होते की खणलेले खड्डे तळ्यासारखे भरत आणि पाण्याखाली काँक्रीट घालण्यासाठी पाणबुडे उतरवावे लागत. हे सगळे लोकांना दिसावे म्हणून खांबांवर उभी केलेली लालभडक ‘इन्फोबॉक्स’ ही इमारत 1995 ते 2000 या काळात खुली होती. ऑक्टोबर 1996 मध्ये सांगाडा पूर्ण झाल्याच्या समारंभात संगीतसंचालक डॅनियल बारेनबॉइम यांनी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीवर चक्क 19 क्रेन नाचवल्या. लोखंडी हात सावकाश वळत होते. रोज काँक्रीट उचलणारी यंत्रे त्या दिवशी फक्त बघण्यासाठी होती. जर्मनमध्ये बांधकामाच्या जागेला ‘बाउश्टेले’ म्हणतात. त्याच सुमारास बर्लिनने शहरातली बांधकामे लोकांना दाखवण्याच्या उन्हाळी उपक्रमाला ‘शाउश्टेले’, म्हणजे बघण्याची जागा, असे नाव दिले.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत प्रश्न पैशांचा येतो. फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूच्या परांचीवरील कापडाच्या निम्म्यापर्यंत भागावर जाहिरात लावता येते आणि ते उत्पन्न दुरुस्तीला वापरले जाते. सोय चांगली असली तरी ऐतिहासिक चौकात मोबाइलची अवाढव्य जाहिरात खटकतेच. पॅरिसच्या पाँथेऑनचा घुमट दुरुस्तीला काढला तेव्हा, 2014 मध्ये, वेगळा मार्ग निवडला गेला. जेआर या नावाने काम करणाऱ्या फ्रेंच कलावंताने देशभरातून सामान्य माणसांचे हजारो चेहरे गोळा केले आणि घुमटाखालच्या गोल भागाभोवतीच्या आच्छादनावर ते कृष्णधवल छापून लावले. आत जमिनीवरही चेहरे होते, लोक त्यांच्यावरून चालत. व्हॉल्टेअर, ह्यूगो, मारी क्यूरी यांच्या समाधी असलेल्या या वास्तूच्या दर्शनी भागावर ‘थोर पुरुषांना कृतज्ञ मायभूमीकडून’ अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. त्याच्या वर ही अनाम माणसे हसत उभी होती.

याच कलावंताने 2023 मध्ये पॅरिसच्या ऑपेरा गार्निए या जुन्या ऑपेरागृहाच्या परांचीवर गुहेचे विशाल तोंड साकारले. लांबून दगडात खोल पोकळी दिसे, जवळ गेल्यावर नुसते ताणलेले कापड. नोव्हेंबरमध्ये त्याच परांचीच्या चौकटींत दीडशेहून अधिक नर्तक उभे राहिले. नृत्यरचना डामियाँ जाले यांची, संगीत तोमा बांगाल्तेर यांचे. पहिल्या टप्प्यात परांची झाकली होती, दुसऱ्यात ती उघडपणे वापरली. माझ्या मते दुसरा टप्पा सरस होता.

न्यूयॉर्कमध्ये पदपथांवरचे संरक्षक मांडव ठरावीक गडद हिरव्या रंगाचेच असावेत असा नियम होता. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘सिटी कॅनव्हास’ या उपक्रमामुळे तिथे कलावंतांच्या चित्रांना वाट मिळाली.

मुंबई-पुण्यात मेट्रोच्या कामांमुळे रस्त्यांच्या मधोमध वर्षानुवर्षे पत्र्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यांवर रंगवायला जागा भरपूर असते. आणि दोन पत्र्यांच्या फटीला डोळा लावून खाली खड्ड्यात काय चालले आहे ते बघणारा कुणी ना कुणी तिथे असतोच.