चेक लाल, मोबाईल गप्प: खान्देशातल्या नेटवर्क देखरेखीची पार्श्वभूमी

रावेर-यावलच्या पट्ट्यात किंवा वर धडगाव-अक्कलकुव्याकडे शाखेची लिंक पडते, देखरेखीच्या स्क्रीनवर चेक (ती चालू आहे का हे ठराविक वेळाने पाहणारी तपासणी) लाल होतो आणि ऑपरेटरचा मोबाईल वाजतच नाही. पहिला फोन येतो तो ग्राहकाचा. मग पिंग मारून यंत्र उत्तर देतं का ते बघतात, कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे राऊटरसारख्या यंत्रांची माहिती वाचायच्या एसएनएमपी पद्धतीचा पासवर्ड, तपासतात, आणि तिथे बहुधा काही सापडत नाही. चेकने आपलं काम केलेलं असतं. निरोप अडतो त्याच्या पुढे.

पिंग १९८३ चं, एसएनएमपी १९८८ चं. १९९९ मध्ये नेटसेंट हे देखरेखीचं सॉफ्टवेअर आलं, २००२ मध्ये त्याचं नाव नागिऑस झालं. आपल्याकडच्या अनेक जुन्या मांडण्या त्यावरच उभ्या राहिल्या. चेक पहिल्यांदा फसला की नागिऑस त्या स्थितीला सॉफ्ट, म्हणजे कच्ची, म्हणतो. ठरवलेले सगळे प्रयत्न फसले की स्थिती हार्ड, म्हणजे पक्की, होते आणि तेव्हाच निरोप निघतो.

खरा घोळ झाला लोडशेडिंगच्या वर्षांत. २००५ नंतर धुळे-जळगाव-नंदुरबारच्या तालुक्यांत वीज तासन्‌तास जायची. यूपीएसची बॅटरी उतरली की शाखेचा राऊटर बंद, वीज आली की पुन्हा सुरू. अलर्टचा नुसता पाऊस. त्यावर सोपा तोडगा निघाला: प्रयत्नांची संख्या वाढवा आणि लोडशेडिंगचे तास निरोपाच्या वेळेतून वगळा. फ्लॅप डिटेक्शन चालू असलं तर त्याचीही भर पडे. शेवटच्या २१ चेकमध्ये स्थिती किती वेळा बदलली ते हे पाहतं. नमुना कॉन्फिगप्रमाणे हा बदल २० टक्क्यांवर गेला की एरवीचे निरोप थांबतात आणि तो ५ टक्क्यांखाली येईपर्यंत थांबलेलेच राहतात.

यावर दोन तट होते. वीज गेल्याचं सगळ्या गावाला ठाऊक असताना रात्री माणसाला उठवायचं कशाला, असं एकांचं म्हणणं. दुसरे म्हणत, वीज गेली हे कारण झालं, लिंक पडली ती पडलीच. हवं तर यूपीएसवर वेगळा चेक लावा, टॉवरला पॅरेंट करा (टॉवर पडला की त्यामागची लिंक त्याच्यामुळेच तुटली हे साधनाला कळतं), पण तोंड बंद करू नका. पहिल्यांचं चाललं. सोय तिकडे होती, आणि सलग रात्री जागलेल्या माणसाला दोष तरी काय देणार? पण वगळलेल्या तासांत पडून त्याच तासांत सावरलेली लिंक कोणालाच कळत नाही. पुढे लोडशेडिंग कमी झालं, वेळापत्रकं बदलली, कॉन्फिग मात्र तेच राहिलं. नवा सर्व्हर आला की जुनीच फाईल त्यावर चढवायची! त्यात वेब स्क्रीनवरून कधीतरी बंद केलेले निरोप नागिऑस रिटेन्शन फाईलमध्ये जपून ठेवतो. कॉन्फिगमध्ये चालू दिसतात, रीस्टार्टनंतरही बंदच असतात.

नंतर निरोपाची वाटच बदलली. ८ मार्च २०२१ ला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या टेम्प्लेटचे (मजकुराच्या साच्याचे) एसएमएस अडवायला सुरुवात झाली. ओटीपीसुद्धा अडकले, तेव्हा ती सक्ती आठवडाभर थांबवावी लागली. ओटीपीची ओरड झाली. ‘राऊटर डाऊन’च्या एसएमएससाठी कोण ओरडणार? ३० मे २०२२ पासून जीमेलने जुन्या ॲप्सचं नुसत्या पासवर्डवरचं लॉगिन थांबवलं. ज्यांची स्क्रिप्ट तशी मेल पाठवत होती, त्यांच्या लॉगमध्ये एरर साचत गेले. लॉग उघडतंय कोण!

आता बरेच जण प्रोमिथियस या देखरेखीच्या दुसऱ्या साधनाकडे वळलेत. २०१५ पासून सगळ्यांसमोर आलेल्या या साधनात गप्प राहायची निराळी तऱ्हा आहे: यंत्राकडून येणारी आकड्यांची मालिकाच नाहीशी झाली तर मर्यादेचा (आकडा ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की अलर्ट देणारा) नियम पेटत नाही, त्यासाठी मालिका नसल्याचं ओळखणारा ॲबसेंटचा नियम वेगळा लिहावा लागतो. म्हणून एक अलर्ट मुद्दाम कायम पेटता ठेवायची पद्धत आली. तो येणं थांबलं की बाहेरचा पहारेकरी हाक मारतो. हायवेच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तरी तो जागा राहायला हवा. त्यामुळे त्याला त्याच लिंकवर, त्याच यूपीएसवर बसवून भागत नाही.