मोठी डिस्क, तापलेलं लोखंड आणि विहिरीवरचा पंप

"मामा, पुढच्या ब्रेकच्या डिस्क मोठ्या टाकल्यात. आता गाडी जागच्या जागी थांबेल बघ."

भाच्याने जुनी पोर्शे केमन घेतली, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचं ठरवलं आणि निघायच्या आठवडाभर आधी मला हे सांगितलं. मी त्याला तेव्हाच म्हटलं, गाडी थांबवतो तो टायर, चाकाबरोबर फिरणारी ही लोखंडी चकती, म्हणजे डिस्क नाही. कचकन ब्रेक दाबल्यावर एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची थरथर पायाला लागते ना? मग चाक जाम करायला पुरेल एवढी ताकद कंपनीच्या मूळ ब्रेकमध्येच आहे. त्यापुढे टायर रस्त्याला किती धरतो, त्यावर सगळं. मोठ्या डिस्कचं खरं काम वेगळंच आहे आणि ते फार महत्त्वाचं आहे. ते काम म्हणजे उष्णता पोटात घेणं.

शाळेतलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. चालकासकट १४०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने येतेय आणि वळणासाठी ती ७२ वर आणायची आहे. हिशेब केला तर साधारण १४.७ लाख ज्यूल ऊर्जा चार सेकंदांच्या आत कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत साडेचार लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. यातला दोन-तृतीयांश वाटा पुढच्या दोन चाकांचा धरला, तर आठ किलोची प्रत्येक बिडाची डिस्क एका ब्रेकिंगमध्ये सव्वाशे अंशांच्या आसपास तापते. ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. मग आणखी सव्वाशे. रोजच्या रस्त्यावर असं लागोपाठ सहसा होत नाही, म्हणून रोजच्या गाडीत काही जाणवत नाही.

तापलेल्या ब्रेकचा त्रास दोन ठिकाणी होतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे साधे पॅड ठरावीक तापमानापुढे घर्षणच सोडतात. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार जास्त घातक. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये या ऑइलची वाफ झाली की पाय दाबतो ती वाफच, आणि पेडल थेट तळाला जातं. गाडीची पूजा जरूर करा, पण बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने उत्कलनबिंदू वाढत नाही. ऑइल बदलल्यानेच वाढतो.

बोरघाट उतरताना मालट्रकच्या चाकांतून धूर येताना आपण पाहिलाय. ते ड्रम ब्रेक. ड्रम तापून फुगतो, आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि उष्णता आत कोंडून राहते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेकवर जिंकली. १९५५ साली मर्सिडीज तिथे ड्रम ब्रेक घेऊनच आली, पण ते एकटे पुरणार नाहीत हे ओळखून तिने चालकाच्या पाठीमागे हवेत उभी राहणारी मोठी फळी बसवली होती.

आता माझा आवडता भाग. स्पोर्ट्स कारची पुढची डिस्क भरीव नसते. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये उभी पाती, अशी तिची रचना. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाचा इंपेलर, म्हणजे आत फिरणारं पातींचं चाक, कुणी उघडून पाहिला असेल तर हीच रचना ओळखीची वाटेल. ताशी १८० ला चाक सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा फिरतं. पातींमधली हवा बाहेर फेकली जाते, मध्यभागी दाब कमी होतो आणि नवी हवा आत ओढली जाते. डिस्क म्हणजे हवा गरगर फिरवून बाहेर फेकणारा सेंट्रिफ्युगल पंप.

पंपाची फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारी तळची झडप, गाळाने बुजली तर पाणी चढत नाही. डिस्कचंही तसंच: हवा मिळायला हवी ती मध्याला. म्हणूनच बंपरपासून आणलेला हवेचा होज (नळी) डिस्कच्या मध्याकडे सोडतात. तो नुसता आतल्या चकतीवर सोडला तर ती बाजू गार, दुसरी गरम. डिस्क ताटासारखी वाकते आणि पुढे तडकते. पाती वक्र असतील तर त्यांची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली हवीत. चाकाच्या माथ्याशी पाहिलं, तर पातीचं बाहेरचं टोक गाडीच्या मागच्या बाजूला कललेलं दिसायला हवं.

आडपडद्याशिवाय सांगतो, डिस्कला आरपार पाडलेली भोकं हा बहुतेक गाड्यांवर दिखावा आहे. त्यांनी वजन, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी होते आणि तडे भोकांपासूनच सुरू होतात. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्कला सुमारे हजार बारीक छिद्रं असतात, पण ती कडेतून आत, मध्याकडे जाणारी. पुन्हा तोच पंप.

हवेने उष्णता वाहून नेण्याशिवाय प्रारणही, म्हणजे किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर पडणंही असतं, आणि ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ३०० अंश म्हणजे ५७३ केल्विन, ६०० अंश म्हणजे ८७३. गुणोत्तर १.५२, त्याचा चौथा घात पाचाच्या वर. ६०० अंशांना मंद लाल दिसणारी डिस्क ३०० अंशांच्या डिस्कच्या पाचपट उष्णता नुसती प्रारणाने टाकते, आणि त्यातली बरीच शेजारच्या बेअरिंगवर आणि टायरवर पडते. त्यामुळे प्रारणावर विसंबता येत नाही. काम हवेनेच व्हायला हवं.

बुद्ध सर्किटवर पाचव्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी भाच्याचं पेडल खोल गेलं. त्याने घाईने दोनदा पंप केलं, पेडल वर आलं आणि गाडी कशीबशी वळली. त्याने पुढची फेरी ब्रेकला हात न लावता हळू घेतली, डिस्कला वारा दिला आणि मगच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर आला. तिथे ब्रेकवर पाय ठेवून थांबू नकोस, हे मी आधीच बजावलं होतं. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो, पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

चाक काढून मी टॉर्च घेऊन खाली बसलो. डिस्कच्या कडेला आम्ही तापमान दाखवणाऱ्या रंगाचे तीन पट्टे ओढले होते. तिन्ही पांढरे पडले होते, सगळ्यात चढ्या तापमानाचासुद्धा. पातींमध्ये उजेड टाकला आणि कारण दिसलं: माथ्याशी टोकं पुढे झुकलेली. गॅरेजवाल्याने डिस्कच्या पृष्ठभागावरच्या खाचांची दिशा बघून उजवी डिस्क डावीकडे बसवली होती.

डिस्कची अदलाबदल केली, ऑइल बदललं, आणि पोर्शेच्याच ९११ जीटी३ च्या सस्पेन्शनला असतं तसं प्लास्टिकचं वारा वळवणारं पान दोन्ही बाजूंना लावलं. पुढच्या खेपेला पट्टे नव्याने ओढले. आठ फेऱ्यांनंतर पहिला पांढरा झाला होता. उरलेले दोन जसेच्या तसे होते.