घटपर्णीला थंडी हवीच

घटपर्णी म्हटलं की आपल्याला मेघालयातली नेपेंथिस आठवते, पानांच्या टोकाला झाकणाचे घट लटकवणारी. कॅनडाच्या हिवाळ्यात ती अंगणात एक रात्रही काढणार नाही. पण त्याच कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांताचं अधिकृत फूल १९५४पासून घटपर्णीचंच आहे. ही सारासेनिया परपुरिया. नेपेंथिसशी हिचं कूळ जुळत नाही. दोघींनी घट बनवण्याची युक्ती स्वतंत्रपणे साधली आहे.

सारासेनिया आम्लधर्मी, शेवाळी दलदलीत वाढते. तिथं नायट्रोजनचा दुष्काळ, म्हणून किडे खायचे. कासच्या पठारावर सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती याच कारणाने मांसाहारी झाल्या आहेत. परपुरियाचे घट जमिनीलगत, तोंड आभाळाकडे. त्यात पावसाचं पाणी साठतं. हिवाळ्यात ते गोठून घट्ट होतं आणि त्या बर्फात वायोमिया स्मिथाय या डासाच्या अळ्या जिवंत राहतात! हा डास अंडी घालतो ती याच घटांत. त्याच्या अळ्या आणि जिवाणू मिळून शिकार कुजवतात, त्यातलं पोषण झाडाला मिळतं.

फूल तर घटांहून देखणं. वीत-दोन वीत उंच देठावर, मान खाली घातलेलं, गडद लाल. आतली कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, उलट्या छत्रीसारखी पसरलेली असते. छत्रीच्या टोकांशी परागग्राही बिंदू असतात. मधमाशी आत शिरताना त्यांना घासते आणि बाहेरून आणलेले पराग तिथं लागतात. बाहेर पडते ती पाकळी उचलून, दुसऱ्याच वाटेने. स्वपरागण टाळायची इतकी नेटकी सोय क्वचितच दिसते.

थंड प्रदेशात ही बागेत लावायची तर थंडीची धास्ती नको. तीन-चार महिन्यांची झोप तिला लागतेच. ती मिळाली नाही तर झाड खंगत जातं. खरा घात करतो तो सुका, बोचरा वारा. माती गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वारा पानं सुकवत राहतो. बर्फाचा थर असेल तर उत्तम, नसेल तर पाइनच्या सुया पसराव्यात. कुंडी उघड्यावर ठेवली तर चहूबाजूंनी गोठते, म्हणून ती काठापर्यंत जमिनीत पुरावी. सारासेनिया फ्लाव्हा ही पिवळ्या फुलांची जात अमेरिकेच्या आग्नेय भागातली. तिला पांघरूण जास्त लागतं.

माती म्हणजे पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेली वाळू, बस्स. शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही मुळाशी घालू नये. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार तिला सोसत नाहीत. ऊन भरपूर हवं.

बियांपासून रोपं करायची तर बियांनाही आधी महिनाभर ओल्या पीटमध्ये, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. त्यानंतर पहिलं फूल यायला चार-पाच वर्षं सहज जातात. घाई असेल त्याने सरळ गड्डा विकत आणावा.