जर्मन पूर्वजाचा वंशशोध (वसाहतकालीन अमेरिका)

अठराव्या शतकात ब्रिटिश अमेरिकेत, मुख्यतः पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क या वसाहतींत, येऊन स्थायिक झालेल्या जर्मनभाषक पूर्वजाचे कूळ कागदोपत्री पुराव्यांच्या आधारे त्याच्या युरोपातील मूळ गावापर्यंत नेण्याची संशोधनपद्धती. या कामात घोडे अडते ते गावापाशी. अमेरिकेतील बहुतेक कागद नाव सांगतात, गाव सांगत नाहीत. उलट जर्मनीतील जन्ममृत्यूच्या नोंदी गावोगावच्या चर्चच्या वह्यांत विखुरलेल्या असल्याने गाव ठाऊक असल्याखेरीज त्या सहसा हाती लागत नाहीत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत यजमानाच्या नावाबरोबर त्याचे गाव येतेच. फिलाडेल्फियाच्या बंदरातील कारकुनाला ते लिहून घेण्याची गरज वाटली नाही.

१६८३ मध्ये जर्मनीतील क्रेफेल्ड येथील १३ कुटुंबे ‘कॉन्कर्ड’ जहाजाने येऊन फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसले. १७०९ मध्ये युद्धाने आणि कडाक्याच्या हिवाळ्याने पोळलेल्या ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातून हजारो लोक लंडनला पोहोचले व त्यांपैकी सुमारे ३,००० जणांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. पुढे मोठा ओघ रॉटरडॅममार्गे फिलाडेल्फियाकडे वळला. या सर्वांना इंग्रज सरसकट ‘पॅलटाइन’ म्हणत, मग माणूस व्यूर्टेंबर्गचा असो, हेसचा असो की स्वित्झर्लंडचा. त्यामुळे कागदावर हा शब्द दिसला म्हणून पूर्वज ऱ्हाइनकाठच्या पॅलटिनेट या संस्थानाचाच होता, असे मानता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे फिलाडेल्फियाच्या जहाज-याद्या. सप्टेंबर १७२७ मध्ये वसाहतीच्या कौन्सिलने येणाऱ्या परकीयांकडून राजनिष्ठेची शपथ घेण्याचे ठरवले आणि १७७५ पर्यंत ही पद्धत चालू राहिली. एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या मिळतात: कप्तानाने दिलेली प्रवाशांची यादी, राजनिष्ठेच्या शपथेवरील सह्या आणि पोपची व ब्रिटिश गादीवर हक्क सांगणाऱ्या पदच्युत स्टुअर्ट घराण्यातील दावेदाराची सत्ता नाकारणाऱ्या प्रतिज्ञेवरील सह्या. शपथ १६ वर्षांवरील पुरुषांनाच घ्यावी लागे, त्यामुळे बायकामुले बहुतेक याद्यांत नाहीतच. कप्तानाच्या यादीतील नावे इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली आहेत. शपथेखालची सही मात्र, ज्याला लिहिता येत होते त्याने, स्वतःच्या हाताने जर्मन वळणात केलेली असते. स्ट्रासबर्गर व हिंके यांनी १९३४ मध्ये या याद्या तीन खंडांत प्रसिद्ध केल्या, तेव्हा एक पूर्ण खंड सह्यांच्या प्रतिमांना दिला आणि तो निर्णय दूरदृष्टीचा ठरला. जहाजावरची सही पुढे तीस वर्षांनी केलेल्या मृत्युपत्रावरील सहीशी ताडून पाहता येते. एकाच नावाचे चार योहानेस म्युलर वेगळे काढायला याहून भरवशाचे साधन क्वचितच मिळते.

नावांची घोटाळ्याची ठिकाणे ठरलेली आहेत. योहान गेओर्ग, योहान याकोब, योहान पेटर हे सख्खे भाऊ असू शकतात, कारण ‘योहान’ हे केवळ बाप्तिस्म्याचे आद्यनाम असून हाक दुसऱ्या नावाने मारली जाई. स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ प्रत्यय लागत असल्याने ‘म्युलरिन’ नावाचे वेगळेच घराणे नवख्या अभ्यासकाच्या वंशावळीत उपटते. अमेरिकेत म्युलरचे मिलर झाले आणि काही त्सिमरमान थेट भाषांतर होऊन कार्पेंटर झाले.

गाव शोधण्याचा मार्ग बहुधा शेजाऱ्यांमधून जातो. एका खेड्यातील कुटुंबे एकत्र निघत, एका जहाजाने येत, लागून जमिनी घेत आणि एकमेकांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला साक्षी राहत. म्हणून स्वतःच्या पूर्वजाचे गाव सापडले नाही, तरी साक्षीदाराचे सापडते. जर्मनीच्या बाजूला, भूदासाला (जमिनीच्या धन्याशी बांधलेल्या कुळाला) गाव सोडण्यापूर्वी मुक्तिशुल्क भरावे लागे, त्याच्या नोंदी सरकारी अभिलेखागारांत आहेत. काही पाद्र्यांनी चर्चच्या वहीच्या समासातच ‘पेनसिल्व्हेनियाला गेला’ असा शेरा मारून ठेवला आहे. मेनोनाइट या प्रॉटेस्टंट पंथात मात्र बालबाप्तिस्मा नसल्यामुळे चर्चच्या वहीची वाट बंद होते आणि करांच्या व कुटुंबगणनेच्या याद्यांवर भिस्त ठेवावी लागते.

क्वचित पूर्वज स्वतःच गाव सांगून ठेवतो. पेनसिल्व्हेनिया व इरोक्वॉय राष्ट्रे (मूळ अमेरिकी जमातींचा संघ) यांच्यातील दुभाषी कॉनराड वाइझर (१६९६–१७६०) याने आपल्या आत्मकथनात हेरेनबेर्ग विभागातील जन्मगाव, बाप्तिस्म्याचे ठिकाण आणि जून १७०९ मध्ये ग्रोस-आस्पाख सोडल्याची हकीकत लिहिली. गावाचे नाव त्याने ‘आस्टेट’ असे दिले आहे. आजच्या नकाशावर ते आफश्टेट आहे. इतक्या स्पष्ट पुराव्यातही वर्णलेखन जुळवून घ्यावे लागते.

नाव व वय जुळणारी बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की बहुतेक हौशी वंशावळी तिथेच थांबतात, आणि चुकतात त्याही तिथेच. ते मूल बालपणीच वारले नाही ना, हे त्याच चर्चच्या दफनवहीत पाहावे लागते. जहाज फिलाडेल्फियाला लागल्यानंतरच्या वर्षांत तोच माणूस गावात लग्न करताना, मुलाचा बाप्तिस्मा करताना किंवा साक्षीदार म्हणून आढळत नाही ना, हेही तपासावे लागते. तारखा ताडताना १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत जुनी ज्युलियन कालगणना चालू होती व नवे वर्ष २५ मार्चला लागत असे, तर जर्मनीतील प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्येच नवी कालगणना स्वीकारली होती, हे ध्यानात घ्यावे लागते. दोन्हीकडच्या तारखांत त्यामुळे ११ दिवसांचा, आणि जानेवारी ते मार्चमधील नोंदींत एका वर्षाचाही, फरक पडू शकतो.