जागतिक भाषा व परकीय माध्यमे : स्थानिक संस्कृती आणि तरुण पिढीवरील प्रभाव

एखादी भाषा मूळ प्रदेशाबाहेर शिक्षण, व्यापार, विज्ञान व करमणूक यांची सामाईक भाषा होते, तेव्हा तिच्यामागोमाग चित्रपट, मालिका, गाणी आणि खेळही इतर समाजांत शिरतात. त्यातून तेथील बोलण्यात, आवडीनिवडींत आणि स्वतःकडे पाहण्याच्या दृष्टीत होणाऱ्या बदलांचा विचार या विषयात होतो. लॅटिन, अरबी, फार्सी आणि फ्रेंच यांनी आपापल्या काळी असे स्थान भोगले. आज ते इंग्रजीकडे आहे. पूर्वी हा प्रभाव दरबार, धर्मपीठे आणि विद्वान यांच्यामार्फत हळूहळू झिरपत असे. आता तो किशोरवयीन मुलांच्या हातातल्या पडद्यावर थेट उतरतो आणि घरातल्या मोठ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट शिलर यांनी १९६० च्या दशकाअखेरीपासून ‘सांस्कृतिक साम्राज्यवादा’ची मांडणी पुढे आणली : माध्यमांची मालकी मोजक्या देशांकडे असल्याने बाकीचे समाज केवळ ग्राहक उरतात. मात्र प्रेक्षक दाखवले तेच मुकाट्याने स्वीकारतो असेही नाही. तामार लीब्स व एलिहू कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांनी ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका इस्राएलमधील वेगवेगळ्या गटांना दाखवून चर्चा ऐकल्या. रशियातून आलेल्या प्रेक्षकांना तिच्यात दडलेल्या संदेशाचा संशय आला. एका अरब गटाने, नवऱ्याला सोडून प्रियकराकडे गेलेली नायिका वडिलांच्या घरी परतली असाच अर्थ लावला.

तरुण मनाची गोष्ट निराळी. पॅसिफिक महासागरातील फिजी या द्वीपदेशाच्या नाद्रोंगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. भरलेले शरीर तेथे परंपरेने सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाई. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत, वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होते. पाहणी लहान होती आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या. तरीही अवघ्या तीन वर्षांतला हा बदल अस्वस्थ करतो.

भाषेच्या बाबतीत उसन्या शब्दांची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी घेण्याचे कारण नाही. शब्द उसने घेऊनही भाषा जोमाने वाढतात. खरी हानी होते ती भाषेच्या हातून जीवनाची क्षेत्रे निसटतात तेव्हा : आधी विज्ञान, मग नोकरी, मग मुलांचा खेळ आणि थट्टामस्करी. चार लाखांहून कमी लोकसंख्येच्या आइसलँडने हा प्रश्न दोनदा अनुभवला. केफ्लाविक येथील अमेरिकन तळावरची दूरचित्रवाणी आसपासच्या घरांत दिसू लागली, तेव्हा १९६४ मध्ये साठ मान्यवरांनी ते प्रसारण तळापुरते ठेवण्याची मागणी संसदेकडे केली. सप्टेंबर १९६६ मध्ये देशाने स्वतःची दूरचित्रवाणी सुरू केली. आता तेथील मुले आंतरजालावरील खेळ व चित्रफितींतून इंग्रजी सहज उचलतात आणि काही जण आपसांतही ती बोलतात. अनेक उपकरणांना आइसलँडिक कळतच नसे. या वेळी तळही नाही आणि कुंपण घालण्याजोगी हद्दही नाही.

उपाय अनेक झाले. कॅनडाच्या फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताने १९७७ मध्ये ‘फ्रेंच भाषेची सनद’ हा कायदा केला. फ्रान्सने १९९६ पासून नभोवाणीवरील गाण्यांत ४० टक्के वाटा फ्रेंच भाषेला राखला. दक्षिण कोरियाने जपानी लोकप्रिय संस्कृतीवरील बंदी १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवली. पुढे कोरियाचीच गाणी आणि मालिका जगभर गाजल्या. नुसत्या बंदीपेक्षा तरुणांना आवडेल अशी स्वतःची निर्मितीच अधिक तारते, असे यावरून वाटते. ब्रिटनमधील वेल्श भाषेसाठी १९८२ मध्ये आणि न्यूझीलंडमधील माओरीसाठी २००४ मध्ये स्वतंत्र वाहिन्या निघाल्या, त्या भाषिकांनी दीर्घकाळ लढा दिल्यावर. ही निर्मिती नेहमीच महाग पडते, कारण लहान भाषेतल्या मालिकेचा खर्च मोठ्या भाषेइतकाच आणि प्रेक्षक मात्र मूठभर असतात.

२००५ च्या युनेस्को करारनाम्याने सांस्कृतिक अभिव्यक्तींचे रक्षण करण्याचा राष्ट्रांचा हक्क मान्य केला. मतदानात अमेरिका व इस्राएल यांनी विरोध केला. हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा आंतरजालावर पाहू देणाऱ्या सेवांवर ३० टक्के युरोपीय कार्यक्रम असावेत, असा युरोपीय संघाचा २०१८ चा नियम आहे. त्यात भाषेची अट नाही, त्यामुळे ब्रिटनमधील इंग्रजी मालिकाही त्या वाट्यात मोजल्या जातात.