सायकल शर्यतीची परवानगी: पर्यायी मार्गही अर्जातच लिहा

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि युसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची शर्यत पुणेकरांनी आपल्याच रस्त्यांवर पाहिली. तुमच्या क्लबला रस्त्यावरची शर्यत भरवायची असेल, तर परवानगीच्या अर्जाला एक पान जादा जोडा, असा माझा आग्रह आहे. हवामान बिघडलं तर शर्यत कुठून जाईल, हे सांगणारं पान.

शर्यतीसाठी वाहतूक थांबवायची तर पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली आदेश काढतात. त्यात रस्त्यांची नावं आणि वेळा असतात. जो रस्ता आदेशात नाही तो त्या सकाळी एसटी, ट्रक, दुचाकी सगळ्यांना खुला असतो. मग बोपदेव घाटात दरड आली तर शर्यत रद्द करण्याखेरीज हातात काही उरत नाही.

बोपदेवचंच घ्या. कोंढव्याहून घाट चढून सासवड असा मार्ग आखला, तर पर्याय म्हणून दिवे घाटच सुचतो. पण दिवे घाट पालखी महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ वर आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाचा ना-हरकत दाखला तिथे चालत नाही, महामार्ग प्राधिकरणाचा लागतो. सासवड पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, त्यामुळे शहर पोलिसांकडे एक आणि ग्रामीणकडे एक असे दोन अर्ज करा. दोन्हींत दोन्ही मार्ग लिहा.

अर्ज कोणी करायचा?

स्थानिक शर्यतीसाठी नोंदणीकृत क्लब किंवा संस्था पुढे आलेली बरी. राज्य पातळीवरच्या शर्यतीसाठी सायकलिंग असोसिएशन ऑफ महाराष्ट्रची मान्यता घ्या. युसीआयच्या वेळापत्रकात नाव हवं असेल तर थेट अर्ज करता येत नाही, तो सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियामार्फतच जातो. तिथे सायकलपटूंकडेही राष्ट्रीय फेडरेशनचा परवाना लागतो आणि तो कॅलेंडर वर्षापुरताच असतो.

कागदपत्रं

संस्थेचं नोंदणीपत्र, संघटनेचं मान्यतापत्र, आयोजकाचं हमीपत्र, विम्याची प्रत, रुग्णवाहिका आणि जवळच्या रुग्णालयाचं पत्र, रस्त्याच्या मालक-विभागांचे दाखले. नकाशे दोन, मुख्य आणि पर्यायी. प्रत्येक चौकात पहिला आणि शेवटचा सायकलपटू साधारण किती वाजता पोचेल, ती वेळ नकाशावर लिहा, कारण बंदोबस्त त्यावरच ठरतो.

बदल कोण ठरवतं?

युसीआयच्या नियम २.२.०२९ नुसार शर्यत संचालक पंच मंडळाच्या संमतीने मार्ग बदलू शकतो, काही भाग शर्यतीतून वगळू शकतो, टप्पा रद्दही करू शकतो. त्याला जोडून टोकाच्या हवामानासाठी वेगळी नियमावली आहे. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, जोराचा वारा, अति तापमान, धूसर दृश्यता आणि हवेचं प्रदूषण ही त्यातली कारणं. अशा वेळी आयोजक, पंच, डॉक्टर, संघ आणि सायकलपटूंचे प्रतिनिधी एकत्र बसून निर्णय घेतात. २०२४ पासून उन्हासाठीही धोक्याचे पट्टे ठरले आहेत. उष्णता, आर्द्रता आणि ऊन एकत्र मोजणारा निर्देशांक २८ अंशांवर गेला की लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याचा पट्टा लागतो.

२०१३ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत बर्फामुळे तुर्किनो खिंड वगळून सायकलपटूंना बसने पुढे नेलं गेलं. २०१९ च्या टूर द फ्रान्समध्ये १९ व्या टप्प्यावर गारा आणि दरड आल्याने शर्यत मध्येच थांबवली आणि इझराँ खिंडीच्या माथ्यावरच्या वेळा ग्राह्य धरल्या. त्याच वेळांवर एगान बर्नालला एकूण आघाडीची पिवळी जर्सी मिळाली. दुसऱ्या दिवशीचा टप्पा तर ५९.५ किलोमीटरवर आणला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण एप्रिल-मेचा वळीव आणि विजा आहेत. जून ते सप्टेंबर ताम्हिणी घाटात शर्यत भरवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इतर महिन्यांत निदान आदल्या संध्याकाळी आणि पहाटे शिवाजीनगरच्या हवामान विभागाचा अंदाज पाहा. कोणत्या इशाऱ्यावर मार्ग बदलणार आणि कोणत्या वेळेपर्यंत, हे त्या जादा पानावर लिहा. निर्णय घेणाऱ्यांची नावं आणि दोन्ही पोलीस दलांच्या समन्वय अधिकाऱ्यांचे फोनही तिथेच हवेत.

विम्याची प्रत जोडण्याआधी पॉलिसीत पर्यायी मार्गाचं नाव आहे का, ते वाचून घ्या. नसेल तर विमा कंपनीकडून लेखी दुरुस्ती करून आणा.