काठीला कळणारी कड

नाशिकला अशोक स्तंभाकडून त्र्यंबक नाक्याकडे आमच्या सोसायटीतल्या सरांबरोबर चाललो होतो. सरांना दिसत नाही. रस्ता ओलांडायच्या आधी ते थांबतात, मान जराशी तिरकी करतात आणि म्हणतात, "उजवीकडची बस सुटली." खरंच सुटलेली असते. त्या दिवशी मात्र त्यांच्या काठीपुढून एक सायकल सुर्रकन गेली आणि सर दचकून मागे सरले. "रिक्षा लांबूनच सांगत येते," ते म्हणाले, "सायकल गेल्यावर कळते."

सायकलीला इंजिन नाही. साखळीची किरकिर आणि टायरची सळसळ एवढाच तिचा आवाज, तोही बसच्या घरघरीखाली झाकला जातो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ती पाच-सहा मीटरवर आल्यावर ऐकू आली, तर हातात उरतो जेमतेम एक सेकंद.

कान फसला की भिस्त काठीवर. फूटपाथची कड आली की काठी खाली घसरते. तेवढ्यावरून 'इथून रस्ता' हे समजतं. सायकल ट्रॅक फूटपाथच्याच पातळीवर केला आणि मध्ये नुसता रंगाचा पट्टा मारला, तर काठीला काहीच लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हे तपासलं गेलं, तेव्हा ६० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची कड खात्रीने कळत नाही असं आढळलं. पण व्हीलचेअरला तीच कड अडते, तिथे उतारच हवा. दोघांचीही गरज खरी आहे.

यातून वाट काढतात त्या पिवळ्या, उठावाच्या फरशा. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे धोका'. रंग पिवळा, कारण ज्यांना अंधुक दिसतं त्यांनाही तो उठून दिसतो. अशा पट्ट्या थेट विजेच्या खांबाशी जाऊन संपलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. काठीने चालणारा माणूस त्या पट्टीवर विश्वास ठेवून पाय टाकत असतो.

जिथे सायकल ट्रॅक आहे, तिथे रस्ता खरं तर दोनदा ओलांडायचा असतो: आधी ट्रॅक, मग गाड्यांचा रस्ता. म्हणून ठिपके ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना हवेत, आणि मध्ये उभं राहायला ऐसपैस जागा. फूटपाथ आणि ट्रॅक शेजारी-शेजारी असतील तर मध्ये उतरत्या बाजूंची बुटकी, उंचवट्याची पट्टी चालते. काठीला ती लागते आणि बाजू उतरत्या असल्यामुळे सायकलचं चाक तिच्यात अडकत नाही. ओलांडायची जागा थोडी उचलून घेतली की सायकलवालाही आपसूक वेग कमी करतो.

सिग्नलला आवाज द्यायचा तर एकसुरी शिट्टी नको, टकटक बरी. आवाज कुठून येतो हे मेंदू दोन कानांवर तो पोचण्यातल्या फरकावरून ओळखतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. टकटकीत अनेक कंप्रता, म्हणजे जाड-बारीक सूर, मिसळलेल्या असतात, म्हणून तिची दिशा पटकन सापडते.

नाशिकला सायकलीचं वेड जुनं आहे. इथल्याच महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पुरी केली, तेव्हा गावभर आनंद होता. ट्रॅक वाढावेत असं मलाही मनापासून वाटतं, आणि सरांनाही. त्यांचं मागणं एवढंच, की फरशा पक्क्या बसवण्याआधी काठीवाल्या चार-पाच जणांना तिथून चालवून बघावं.

परवा पुढच्या चौकात काठी ठिपक्यांवर टकटकली, तेव्हा ते लगेच थांबले. मग बुटाने एक ठिपका चाचपला आणि म्हणाले, "हं, आता ऐकतो."